भंडाऱ्याचे पितळ आणि जिनिव्हाचे विवर

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये भंडारा शहराच्या वाट्याला फार थोडा मजकूर आलेला आहे. परंतु त्या थोडक्या मजकुरातही पितळकाम हा येथील मुख्य उद्योग होय, एवढे नमूद करण्यास ते अंमलदार विसरलेले नाहीत. शहर त्या नोंदीहून पुष्कळच जुने. रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या मांडलिक मुलखांच्या यादीत लांजीबरोबर भाणाऱ्याचेही, म्हणजे भंडाऱ्याचे, नाव येते. महानुभावांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या मागे घरदार सोडून निघालेला नीळभट हा याच गावचा. आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, १८२०-२१ च्या सुमारास, लांजीचे ठाणे उठून मुलकी कारभाराची कचेरी वैनगंगेकाठच्या या गावी आली, तेव्हापासून कोर्ट, तुरुंग, खजिना आणि आठवड्याचा बाजार ही जिल्ह्याच्या ठिकाणाची सारी लक्षणे त्याला यथाक्रम प्राप्त झाली. १८५४ त नागपूरचे राज्य खालसा झाले, पुढे मध्यप्रांत झाला, मध्यप्रांत जाऊन मुंबईचे द्वैभाषिक व नंतर महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघून भंडाऱ्याचा नकाशा निम्म्यावर आला. परंतु कासार-तांबटांच्या वस्तीतून पहाटेपासून ऐकू येणारे ठोके या राजकीय स्थित्यंतरांची फारशी दखल घेताना दिसत नाहीत. ते मंदावले, ते निराळ्याच कारणाने, आणि ते कारण यथावकाश सांगू.

प्रस्तुत लेखाचा विषय केवळ या वस्तीचा इतिहास नव्हे. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहरानजीक, सर्न या नावाने विश्वविख्यात असलेली कणभौतिकीची जी प्रयोगशाळा १९५४ साली बारा युरोपीय राष्ट्रांनी स्थापन केली, तिची आभासी भेट घेण्याचा एक नवा प्रघात गेल्या दीड दशकात जगभरच्या शाळांतून पडत चालला आहे. वर्गात पडदा लावावा, इंटरनेटची जोडणी करावी, आणि ठरल्या वेळी पलीकडून शिरस्त्राण घातलेला एखादा तरुण शास्त्रज्ञ हातात कॅमेरा धरून जमिनीखालच्या यंत्रांमधून हिंडू लागावा, असे या भेटीचे साधारण स्वरूप असते. त्या भेटीत पडद्यावर जी अजस्र यंत्रे दिसतात, त्यांपैकी एकाच्या पोटात शेकडो टन पितळ बसवलेले आहे. ते पितळ म्हणजे कोणतीही अपूर्व, गुप्त किंवा दुर्मीळ मिश्रधातू नसून सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे रोकडे प्रमाण असलेली, भंडाऱ्याच्या कासाराने बोटाने टिचकी मारून ओळखावी अशी वस्तू आहे. भेट घडवून आणणारे मार्गदर्शक कणांना वेग देणाऱ्या सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्याविषयी भरभरून बोलतात आणि हे पितळ ओझरते उरकतात, अशी आमची तक्रार आहे. आणि ज्या जिल्ह्याची ओळखच पितळेवर उभी राहिली, त्या जिल्ह्याच्या विद्यार्थ्याने ही तक्रार केली तर ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

प्रथम आपल्या गावच्या पितळेकडे पाहू. पूर्वी येथील कासार बहुतेक माल मोड वितळवून तयार करीत. म्हणजे गिऱ्हाइकाने फुटके-तुटके भांडे आणून द्यावे, ते तागडीत घालून तोलावे, तुटीचा अंश वजा करावा, घडणावळ वेगळी घ्यावी आणि त्याच वजनाचे नवे भांडे द्यावे, असा सरळ हिशेब असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपुराहून छत्तीसगडाकडे रेल्वे गेली, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग रुंद करून पुढे कलकत्त्याला जोडला, आणि वरठीच्या स्टेशनावर विलायती पत्र्याच्या गुंडाळ्या उतरू लागल्या. त्यामुळे मुशीत ओतण्याचे काम घटले व पत्रा ठोकण्याचे वाढले. पाणी भरावयाचा गुंड घडवताना तळ, पोट आणि गळा असे भाग निरनिराळे घडवतात. दोन भाग जेथे मिळावयाचे, तेथे पत्र्याच्या काठाला दाते पाडून ते एकात एक गुंतवतात. त्यावर टाकणखार आणि डाख घालून भट्टीत झाळतात. आणि सरतेशेवटी संपूर्ण भांडे ऐरणीवर फिरवत फिरवत मठारतात, म्हणजे त्याच्या अंगावर एकसारख्या ठोक्यांची नक्षी उमटते. ही नक्षी शोभेची आहे असे शहरी लोकांना वाटते. वस्तुतः तो बळकटीचा उपाय आहे. पितळेवर घाव पडत गेले की ते कठीण होत जाते आणि पातळ पत्राही पोचे न येता भार सोसतो. मात्र कठीण झालेल्या पितळेवर घाव घालीतच राहिल्यास ते चरते, म्हणून मधूनमधून भट्टीत लाल करून त्याला ताव द्यावा लागतो. किती ठोक्यांनंतर ताव द्यावयाचा, याचे कोष्टक कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. हातोडीखालचा आवाज पालटला की कारागिराचा हात आपोआप सांडशीकडे जातो.

लग्नात मुलीला आंदण म्हणून गुंड, कोपर, गंगाळ आणि गडवे देण्याची चाल वऱ्हाड-नागपूर प्रांतात सार्वत्रिक होती, आणि त्या प्रत्येक भांड्यावर छिन्नीने नाव घालून घेतल्याखेरीज ते सासरी जात नसे. हा सारा प्रपंच पितळेवाचून अडला असता हे खरे. परंतु पितळेवाचून अडली असती अशी आणखी एक गोष्ट त्याच गावात होती, ती म्हणजे माध्यमिक शाळेतील पदार्थविज्ञानाचे कपाट. त्या कपाटात लाकडी पेटीत मखमलीवर बसवलेली पितळी वजने असत, आणि ती बोटाने न उचलता चिमट्यानेच उचलावयाची, या नियमाचा भंग करणाऱ्यास शिक्षा होई. शेजारी मुठीचा गोळा व कडे असे: गोळा थंड असताना कड्यातून आरपार जावयाचा आणि दिव्यावर तापवला की अडावयाचा, या एका प्रयोगावर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो हे सूत्र पाठ केले. सूक्ष्मदर्शकाची नळी, वर्णपटमापकाची चकती, चुंबकसूचीची डबी, सारे पितळी. हे सौंदर्यदृष्टीने झाले नव्हते. पितळ गंजत नाही, खरादावर लोण्यासारखे कापले जाते, आणि मुख्य म्हणजे चुंबक त्याला ओढीत नाही. चुंबकसूचीची डबी लोखंडाची केली असती, तर सूची उत्तरेऐवजी डबीकडेच वळून बसली असती. पुढे येणाऱ्या गोष्टीचे बीज या डबीत आहे.

कणभौतिकीचा आरंभही याच कपाटातल्या सामानाने झाला. १९३१ च्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स आणि त्याचा विद्यार्थी स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन यांनी जे पहिले सायक्लोट्रॉन यंत्र चालवून दाखवले, त्याची मुख्य पेटी जेमतेम अकरा सेंटिमीटर व्यासाची होती. ती पितळेची होती, आणि तिचे सांधे लाखेने बुजवून आतील हवा उपसलेली होती. पितळ आणि लाख! पळसाच्या झाडांवर लाख पिकवणाऱ्या भंडारा-गोंदियाच्या वनप्रदेशाला हे दोन्ही पदार्थ परके नव्हते. त्या प्रदेशात त्यांपासून भांडी आणि बांगड्या होत होत्या, आणि बर्कलीला त्यांपासून एक नवे शास्त्र होत होते, एवढाच फरक. दोन हजारांहूनही कमी व्होल्टचा दाब वारंवार देऊन त्या चिमुकल्या पेटीतील हायड्रोजनच्या आयनांना ऐंशी हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टइतकी ऊर्जा प्राप्त करून देण्यात आली. आज जिनिव्हाच्या महाकाय त्वरकात, लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये, प्रत्येक प्रोटॉनाला ६.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. या दोन आकड्यांमधील अंतर तोडण्यास शास्त्रज्ञांना नव्वद वर्षे लागली.

आता दूरच्या गोष्टी गावात बसून पाहण्याच्या प्रघाताकडे वळू. हा प्रघात इंटरनेटने निर्माण केला, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. १८९२ साली कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने काचेवरील रंगीत चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवण्याचे खेळ सुरू केले, तेव्हापासून पाठीमागे दिवा आणि पुढे पांढरे वस्त्र ठेवून न गेलेल्या ठिकाणी जाऊन येण्याची हौस मराठी माणसाला लागलेली आहे. पटवर्धनांच्या खेळांत पौराणिक कथा असत. पुढे तशाच दिव्यांवर शाळा-कॉलेजांतून ज्योतिषाची, भूस्तरांची आणि रोगजंतूंची चित्रे दाखवून व्याख्याने होऊ लागली. १९२८ साली पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, त्याने हेच काम कागदावर चालवले. १९८४ पासून पुण्याच्या बालचित्रवाणीने उपग्रहामार्फत शाळांसाठी मराठी कार्यक्रम प्रक्षेपित केले. ज्या शाळेत दूरचित्रवाणी संच होता, वीज होती आणि संचाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्यापाशी असे ते गुरुजी हजर होते, त्या शाळेतील मुलांनी ते पाहिलेही. ही संस्था २०१७ साली बंद झाली. २००४ साली शिक्षणासाठीच म्हणून एज्युसॅट उपग्रह आकाशात गेला, तोही या परंपरेतला. या बहुतेक साधनांत एक व्यंग समान होते: पाहणाऱ्याला बोलता येत नसे. पडद्यावरच्या माणसाला शंका विचारावी, आणि त्याने थांबून, मागे वळून, त्या विशिष्ट यंत्राकडे बोट करून उत्तर द्यावे, ही सोय नव्हती.

बोलण्याची सोय हवी असेल तर सहल काढावी लागे. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. तेथे १९९२ साली रमण विज्ञान केंद्र उघडले व १९९७ साली त्याला तारांगणाची जोड मिळाली, तेव्हापासून पूर्व विदर्भातील शाळांच्या सहलींना एक निश्चित मुक्काम प्राप्त झाला, आणि डब्यातील पुरी-भाजी बागेत बसून खाण्याच्या कार्यक्रमाला विज्ञानाचे अधिष्ठान लाभले. महाराष्ट्रात मोठे विज्ञान त्याआधीही होते. १९४५ पासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, तुर्भ्यास अणुशक्तीचे केंद्र होते. परंतु ती सुमारे नऊशे किलोमीटरवर, आणि त्यांच्या दारावर पहारा. २०१९ च्या मे ते जुलै या महिन्यांत मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘विज्ञान समागम’ नावाचे प्रदर्शन भरले होते, त्यात सर्नसह जगातील अनेक महाप्रकल्पांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. ते तेथून बंगळूर, कलकत्ता आणि दिल्ली येथे गेले. विदर्भाच्या वाटेला आले नाही.

अशा स्थितीत आभासी भेटीचे महत्त्व काय, हे निराळे सांगावयास नको. सर्नमधील ॲटलस प्रयोगाने २०१० साली या भेटी सुरू केल्या. इतर प्रयोगांनीही तो परिपाठ उचलला. आणि २०२० च्या महामारीत प्रत्यक्ष दारे बंद झाल्यावर जो पर्याय म्हणून होता तोच मुख्य मार्ग होऊन बसला. जोडणी ज्या विश्वव्यापी जाळ्यावरून होते, ते वेबही १९८९ साली त्याच प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी कल्पिले, आणि १९९३ च्या ३० एप्रिल रोजी सर्नने ते कोणाकडूनही दाम न घेता सर्वांस खुले केले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. भेटीची वेळ ठरवताना मात्र घड्याळाचे गणित करावे लागते: उन्हाळ्यात जिनिव्हा आपल्याहून साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार. तेथे सकाळचे दहा म्हणजे येथे मधल्या सुट्टीनंतरचा तास, हे सोयीचेच. दुसरी अडचण अशी की त्वरक चालू असताना भूगर्भातील दालनात कोणाही मनुष्यास प्रवेश नाही, कारण तेथे प्रारणाचा धोका असतो. त्या काळात मार्गदर्शक वरच्या नियंत्रण कक्षातून बोलतो आणि संगणकांच्या रांगांवर समाधान मानावे लागते. यंत्र दुरुस्तीसाठी थांबले असेल तरच कॅमेरा उद्वाहकाने शंभर मीटर खाली उतरतो. शाळेने तारीख मागताना हा तपशील विचारून घ्यावा.

खाली उतरल्यावर काय दिसते? सीएमएस या प्रयोगाचे दालन फ्रान्सच्या हद्दीत, सेसी नावाच्या खेड्याखाली आहे. तेथे पंधरा मीटर व्यासाचे आणि १४,००० टन वजनाचे एक आडवे नळकांडे ठेवलेले असून, त्याच्या नेमक्या मध्यावर विरुद्ध दिशांनी येणारे प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. हे नळकांडे जमिनीवर जोडून, मग त्याचे भाग एकेक करून विवरात सोडण्यात आले. त्यांतला सर्वांत जड, १,९२० टनांचा भाग २००७ च्या २८ फेब्रुवारीला दहा तास घेऊन इंचाइंचाने खाली उतरवला गेला. नळकांड्याच्या अंतर्भागात अतिसंवाहक तारेचे वेटोळे आहे, त्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे लाखपट प्रबळ, ३.८ टेस्ला तीव्रतेचे क्षेत्र उत्पन्न होते. प्रोटॉनांच्या आघातातून जे कण उडतात, त्यांतले विद्युतभारित कण या क्षेत्रात वळतात. एकूण कणांपैकी इलेक्ट्रॉन व प्रकाशकण स्फटिकांच्या थरात जिरतात. आणि प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन इत्यादी जे हेड्रॉन जातीचे कण ते त्याला न जुमानता पुढे निघतात. त्यांना अडवून त्यांची ऊर्जा मोजावयाची असेल, तर वाटेत एखादा घन, जड पदार्थ ठेवणे भाग आहे. लोखंड स्वस्त, परंतु वेटोळ्याच्या आत लोखंड चालत नाही. शाळेच्या चुंबकसूचीची डबी ज्या कारणाने लोखंडाची करीत नाहीत, अगदी त्याच कारणाने. म्हणून पितळ.

हेड्रॉन कण पितळेत शिरला की सरासरी साडेसोळा सेंटिमीटर गेल्यावर एखाद्या तांब्याच्या अगर जस्ताच्या अणुगर्भावर आदळतो; त्यातून नवे कण फुटतात, ते पुढच्या अणुगर्भांवर आदळतात, आणि अशा रीतीने एका कणाची बघता बघता एक सर होते. पितळेच्या पाट्यांमधील फटींत विशिष्ट प्लॅस्टिकच्या पातळ फरश्या बसवलेल्या आहेत. सरीतील कण त्यांतून गेला की त्या क्षणभर किंचित चकाकतात. ती चकाकी केसासारख्या तंतूंतून बाहेर नेऊन मोजतात, आणि एकूण प्रकाशावरून मूळ कणाची ऊर्जा किती होती याचा हिशेब लावतात. २०१२ च्या ४ जुलैला ज्या हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला, त्याच्या पंचनाम्यात हा पितळी साक्षीदारही होता.

हे पितळ आणले कोठून, ही हकीकत विशेष आहे. नळकांड्याच्या दोन्ही टोकांकडील ऊर्जामापकांसाठी सुमारे ६०० टन पितळ हवे होते. हे काम अंगावर घेतलेल्या रशियन शास्त्रज्ञांना स्मरण झाले की आपल्या नौदलाच्या कोठारांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील तोफगोळ्यांची पितळी नळकांडी पडून आहेत. तोफेच्या बारातील दाब सोसण्यासाठी केलेली ती धातू अत्यंत निवडक होती. दहा लाखांहून अधिक नळकांडी निकामी करून वितळवण्यात आली, त्यांच्या जाड पाट्या लाटण्यात आल्या, बेलारूसमधील मिन्स्कच्या कारखान्यात त्या तासून जुळवण्यात आल्या आणि मग जिनिव्हास रवाना झाल्या. मोड घेऊन नवे भांडे देणाऱ्या कासाराचाच हा व्यवहार, फक्त तागडी मोठी. भंडाऱ्यानजीक जवाहरनगर येथे १९६४ पासून सरकारी आयुधनिर्माणी आहे, तेथे दारू आणि स्फोटके तयार होतात. म्हणजे तोफगोळ्याचे अंतरंग आणि त्याचे पितळी बहिरंग, या दोहोंचीही माहिती असलेली घरे या एकाच शहराच्या परिसरात सापडावीत, यात नवल नाही.

काडतुसाच्या पितळेचा आणखी एक प्रसंग आपल्याच देशात घडलेला आहे. इंग्रज सरकारच्या हिंदुस्थानी फौजेत पावसाळ्याच्या दिवसांत घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली काडतुसे कोणीही हात न लावता जागच्या जागी तडकत असत, आणि हा चमत्कार पावसाळ्यातच घडत असल्यामुळे त्याचा दोष ऋतूला दिला जात होता. १९२१ साली इंग्लंडातील धातुशास्त्रज्ञांनी त्याची खरी मीमांसा केली: ओढून-ताणून घडवलेल्या पितळेत ताण कोंडून राहिलेला असतो, आणि पागेतील घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या जागी शिरून तडा पाडतो. उपाय असा निघाला की काडतूस घडून झाल्यावर त्याला हलका ताव देऊन आतील ताण घालवावा. ताव देण्याची विद्या भंडाऱ्याच्या भट्टीवर बसणाऱ्याला होती, अमोनियाचे रसायन नव्हते. त्या शास्त्रज्ञांना रसायन होते आणि भट्टीची गोष्ट त्यांना प्रयोगाने सिद्ध करून घ्यावी लागली. यांपैकी कोणाला श्रेष्ठ म्हणावे, या वादात आम्ही पडत नाही.

या यंत्रात भारताचा म्हणून जो वाटा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. १९९६ च्या करारानंतर भारतीय संस्था लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या उभारणीत सामील झाल्या. पितळेच्या थरातूनही जे चुकार कण निसटतात, त्यांना वेटोळ्याच्या बाहेर गाठणारा जो बाह्य ऊर्जामापक, तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने घडवला. बोगद्यातील प्रचंड चुंबके केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने वरखाली करण्यासाठी सुमारे सात हजार जॅक लागले, ते होळकरांच्या इंदुरातील राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली तयार झाले. कागदावरच्या गणिताचाही वाटा आहेच: पुण्याच्या हुजूरपागेत शिकून पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करणाऱ्या रोहिणी गोडबोले यांनी अशा त्वरकांत काय शोधावे व कसे शोधावे यावर आयुष्यभर काम केले, २०२४ च्या ऑक्टोबरात त्या निवर्तल्या. २००२ साली भारताला सर्नमध्ये निरीक्षकाचा दर्जा मिळाला आणि २०१७ च्या जानेवारीत सहसदस्यत्व. तेथील आवारात भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ती उभी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक मंडळींना सर्नविषयी तेवढेच ठाऊक असते. मूर्ती सुंदर आहे, यात शंका नाही; परंतु निवड करावयाची झाल्यास आम्ही विद्यार्थ्यांना इंदूरचे जॅक अगोदर दाखवू.

आता ठोके का मंदावले, ते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलची भांडी बाजारात आली. त्यांना कल्हई लागत नव्हती, चिंचेने घासावे लागत नव्हते, ती वजनाला हलकी आणि भावाला परवडणारी होती. सुनेच्या आंदणात प्रथम एक-दोन ताटे-वाट्या शिरल्या आणि पाहता पाहता गुंड-गंगाळे माळ्यावर गेली. यातील विलक्षण भाग असा की पोलाद करताना जे मँगनीज अपरिहार्य असते, ते याच जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. या टापूत खनिजाचा व्यवसाय करणाऱ्या मूळ विलायती कंपनीची स्थापना १८९६ ची, आणि १९६२ पासून तो कारभार मॉइल या सरकारी कंपनीकडे आहे. जिल्ह्याच्या एका अंगाने निघालेली माती वॅगनी भरभरून भट्ट्यांकडे जात राहिली, आणि पोलाद होऊन भांड्यांच्या रूपाने जे परत आले, त्याने जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाचा धंदा बसवला. तरीही तो साफ बुडाला नाही. देवघरातील समया, घंटा, पंचपात्री यांना पोलादाने अद्याप हात लावलेला नाही, आणि अलीकडे शहरांतून पितळी भांड्यांची हौस पुन्हा दिसू लागली आहे. परंतु ती हौस आहे, गरज नव्हे, आणि हौशीवर किती भट्ट्या पेटत्या राहतील, हे व्यापारीच जाणोत.

जिनिव्हाच्या विवरातील पितळेवरही हीच पाळी येत आहे. त्वरकातील आघातांची संख्या अनेक पटींनी वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले असून, त्यासाठी २०२६ च्या मध्यापासून काही वर्षे यंत्र थांबवण्याचे नियोजन आहे. इतक्या प्रारणात जुन्या प्लॅस्टिकच्या फरश्या काळवंडून निकामी होतील, म्हणून सीएमएसच्या दोन्ही टोकांचे पितळी ऊर्जामापक काढून त्यांच्या जागी सिलिकॉनचे सूक्ष्म शोधक असलेला नवा ऊर्जामापक बसवावयाचा आहे, आणि त्यातील मागच्या भागात कण अडवण्यासाठी जी धातू योजली आहे, ती स्टेनलेस स्टील होय. चुंबक ज्याला ओढणार नाही, असे स्टील निवडून घेता येते. या नव्या ऊर्जामापकाच्या कामातही टाटा संस्थेची मंडळी आहेत.

यंत्र थांबलेले असण्याची ही वर्षे आभासी भेटीच्या दृष्टीने उत्तम, कारण कॅमेरा विवरात उतरू शकेल आणि जुने पितळ निघताना पाहता येईल. त्या वेळी भंडाऱ्याच्या एखाद्या वर्गातून, विशेषतः ज्याच्या घरी तागडी आहे अशा मुलाकडून, या ६०० टन मोडीचे पुढे काय करणार, असा प्रश्न गेला पाहिजे. त्याचे उत्तर कासाराच्या शास्त्रात बसणारे नाही. वर्षानुवर्षे कणांचा मारा सोसल्यामुळे त्या पितळेतील काही अणू स्वतःच किरणोत्सर्गी झालेले आहेत. ते बाजारात तोलता येत नाही, मुशीत घालता येत नाही, त्याचा प्रत्येक भाग मोजून, नोंदवहीत चढवून, दोन्ही देशांच्या कायद्यांनुसार निगराणीखाली ठेवावा लागतो, आणि किरणोत्सर्ग किती वर्षांत ओसरेल त्यावर पुढचा निर्णय होतो. तोफेच्या कोठारातून ते एकदा सुटले होते. या कोठारातून केव्हा सुटेल, हे मार्गदर्शकाला विचारून पाहावे.